डबीवरचे हात

अकोल्याच्या मनोहररावांनी अनसूबाईला फसवलं. मला नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण राजापेठेतली जुनी माणसं अजूनही भेटली की हळहळतात, "द्वारकाबाई, त्या अकोल्याच्या माणसानं तुम्हाला बुडवलं हो." मला कोणी बुडवलेलं नाही. मनोहररावांनी माझ्याशी प्रत्येक गोष्टीत ताणून पाहिलं आणि प्रत्येक गोष्टीत त्यांना खाली यावं लागलं. मग जिच्याशी सौदा करायची गरजच नाही असं त्यांना वाटलं, तिच्याकडून त्यांनी हवं ते उचलून नेलं.

या अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातले गमतीदार अनुभव लिहायला सांगितलं आहे. गमतीही घडल्या, त्या सांगते. पण त्यांच्यासाठी मी लिहायला बसलेले नाही.

मी तुपाची बाई. माझं माहेर मूर्तिजापूरजवळचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, आणि अंघोळ करून वाऱ्यावर उभं राहिलं की अंगावर पांढरं पीठ उठतं. लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा गोड पाणी पाहूनच मला माणसात आल्यासारखं वाटलं. नवरा लवकर गेला, मुलगी लहान होती. दिरांनी शेताच्या गोष्टी माझ्यासमोर बोलणं बंद केलं, तेव्हा मी काय ते समजले आणि राजापेठेत एका खोलीत तुपाचे डबे मांडले.

तूप यायचं धारणीकडच्या गवळ्यांचं. ते परतवाड्यापर्यंत आणत, तिथून मोटारीच्या टपावर. वनस्पती तूप तेव्हा गावोगाव पोचलं होतं आणि गवळीही शहाणे झाले होते. डबा उघडला की मी बोटभर तूप मनगटाच्या मागे चोळायची. खरं तूप अंगाच्या उबेनं विरघळून जिरतं. भेसळीचं मेणासारखं बसून राहतं. एक गवळी मला म्हणाला, "बाई, म्हशीची आन, चोख हाय." मी म्हटलं, "म्हैस चोख हाय रे, तिच्याशी माहं भांडन नाई. तुह्यं सांग." तो डबा परत घेऊन गेला. पुढच्या खेपेला बरोबर तूप आणलं. माझा आवाज मोठा होता आणि राग नाकावर होता, हे सगळ्यांना माहीत होतं. एकट्या बाईला ते परवडतं. मवाळपणा परवडत नाही.

अनसूबाई माझ्या ओट्यावर आली ती तूप घ्यायला नव्हे. ती बाळंतिणींना आणि लेकरांना अंग लावायची, तेल-तूप चोळून न्हाऊ घालायची. राजापेठ, अंबापेठ, पार बडनेऱ्यापर्यंत तिला बोलावणी असत. दीक्षेनंतरची दोन-तीन वर्षं झाली असतील. तिच्या घरानं नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि परत आल्यावर तिनं आपल्या कामाचे नियम बदलले होते. मागच्या दारानं जायचं नाही. जुनं लुगडं आणि शिळी भाकर घ्यायची नाही. आणि आपण गेल्यावर ज्या घरात लेकराला पुन्हा पाणी घालून घेतात, त्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. बोलावणी निम्मी झाली. ती म्हणे, "जे निम्मे रायले ते खरे."

तिला एक तांब्याची परात हवी होती आणि बसायला जागा. तिच्या घरी दोन्ही नव्हतं.

"काय करतं वं परातीचं?" मी विचारलं.

"तूप धुतो. तुह्यंच तूप. शंभर पान्यानं."

मी चमकले ते तूप धुण्यानं नव्हे. "मले 'तू' म्हनून रायली?"

"तू मले काय म्हनली? तू मले तू म्हनशीन, तर मीबी तुले तू म्हनीन. तू अहो-जाहो कर, मीबी करतो. तुले जे परवडन ते सांग."

आयुष्यात मी जे मोजके सौदे हरले, त्यांतला हा पहिला. आम्ही दोघी शेवटपर्यंत एकमेकींना 'तू' म्हणालो.

धुतलेलं तूप म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं, कारण आजच्या मुलींना मलम फक्त दुकानात उगवतं असं वाटतं. तांब्याच्या परातीत चांगलं रवाळ तूप घ्यायचं, त्यात गार गोड पाणी ओतायचं आणि लोट्याच्या बुडानं किंवा तळहातानं गोल गोल घोटायचं. पाणी दुधाळ होतं. ते फेकायचं, नवं ओतायचं, पुन्हा घोटायचं. अशी शंभर पाणी. अनसूबाई प्रत्येक पाण्याला एक चिंचोका बाजूला टाकायची. आधी तूप पिवळं असतं आणि पाण्यात पळतं. मग ते परातीला धरतं, पांढरं होतं, त्याचा वास जातो. शेवटी बोटावर घेतलं तर लोणी म्हणावं की साय म्हणावं कळत नाही, आणि लावलं की अंगाला गार वाटतं. आपल्याकडच्या उन्हानं लेकरांच्या मांड्या उततात, थंडीत गाल फुटतात, घामोळ्या तर पाचवीला पुजलेल्या. त्यावर यासारखं काही नाही. घरातल्या सगळ्यांना चालतं. पहिल्या वर्षी कापसाच्या जिनिंगमधल्या बाया हातांच्या भेगांना न्यायच्या आणि हनुमान आखाड्याकडचा एक पहिलवान टाचांना न्यायचा. तो डबी शर्टाच्या आत लपवून नेई.

वाईट बाजूही सांगते. मुंग्या येतात. पाळण्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, असं प्रत्येक आईला बजावून सांगावं लागे. आणि माल टिकत नाही. हिवाळ्यात पंधरवडा बरा राहतो, उन्हाळ्यात आठवड्यात खवट होतो. म्हणून आम्ही थोडं थोडं करायचो आणि अनसूबाई घरोघर अंग लावायला जाताना बरोबर न्यायची.

आमच्याकडे एक निवृत्त हेडक्लार्क यायचे. नातवासाठी डबी नेली. घरात पुरणपोळी होती, तूप संपलं होतं, हे गृहस्थ म्हणाले तूप ते तूप. घेतलं पोळीवर. शेजारणीनं सांगितलं, शंभर पाण्याचं तूप पोटात गेलं तर विष होतं. धोतराचा सोगा धरून धावत माझ्या ओट्यावर. "द्वारकाबाई, मी किती वेळ आहे?" मी म्हटलं, "भाऊसाहेब, तुम्ही नेहमी असता तितकाच वेळ. पण नातवाच्या तोंडचं खाल्लंत, दुसरी डबी घेऊन जा." घेऊन गेले. अनसूबाई परातीत हात घालून हसत होती, पाणी उडेपर्यंत.

ती धुवायला माझ्या ओट्यावरच बसायची, रस्त्याच्या बाजूला. येणारा-जाणारा पाहायचा. कोणाच्या हातचं आहे, हे मी कधी झाकलं नाही. ज्याला घ्यायचं तो घेई, ज्याला नको तो पुढे जाई.

मनोहररावांचं अकोल्यात औषधांचं दुकान होतं. त्यांची बायको अमरावतीची. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला, पण त्याची कातडी माशाच्या खवल्यांसारखी सुटायला लागली. बाळंतिणीच्या आईनं अनसूबाईला बोलावलं, पुढच्या दारानं. सव्वा महिना अनसूबाईनं त्या लेकराला पायांवर पालथं घालून रोज अंग लावलं. मनोहरराव लांबवलेल्या बारशाला आले तेव्हा पोराचं अंग लोण्यासारखं झालं होतं. दुकानदाराची नजर. तिसऱ्या दिवशी ते माझ्या ओट्यावर हजर.

"बाई, हे अकोल्यात विकलं गेलं पाहिजे. डबीत घालून, वर छापील चित्र लावून."

मी म्हटलं, "विका. पण खराब झालेला माल माझ्याकडे परत यायचा नाही."

"मग कोणाकडे?"

"ज्याच्या फळीवर खराब झाला त्याच्याकडे. मी देते ते ताजं देते."

एक दुपार भांडलो. डबी पत्र्याची की काचेची, गाडीत फुटली तर कोणाची, आठवड्याला किती, कोणत्या दिवशी. ते फार गोड बोलायचे. "द्वारकाबाई, तुमच्याशी बोलायचं म्हणजे वकील घेऊन यावं लागेल." मी म्हटलं, "वकिलालाही घेऊन या, त्याच्या बायकोला डबी लागेलच." शेवटी सगळं माझ्या म्हणण्याप्रमाणे ठरलं.

मग ते अनसूबाईकडे वळले. फार आदरानं. "अनसूबाई, डबीवर तुमचा फोटो घालायचा. माझ्या मुलाला अंग लावताना. ज्यांच्या हाताला गुण, त्यांचंच चित्र."

अनसूबाईनं माझ्याकडे पाहिलं. काय म्हणू, असं विचारल्यासारखं; ती असं कधी पाहत नसे. म्हणाली, "पोराचा बाप सोता म्हनून रायला, तर मी काऊन नाई म्हनू?"

फोटोवाला आला. ती दीक्षेच्या वेळचं पांढरं लुगडं नेसून आली होती. अंगणात पाय लांब करून बसली, पायांवर पोर पालथं, दोन्ही हात त्याच्या पाठीवर. डाव्या मनगटावर तिचं गोंदण होतं, पाच ठिपके आणि एक विंचू. विंचवाच्या नांगीपासून एक वाकडी रेघ सुटून अंगठ्याकडे गेलेली. लहानपणी गोंदताना तिनं हात हिसडला होता, त्याची ती रेघ. दीक्षेनंतर तिनं घरातले देव नदीत सोडले, पण म्हणे, "हे कातडीतलं कुठं सोडू?"

पुढचा महिना तिनं ज्या ज्या घरी अंग लावलं तिथे सांगितलं की अकोल्याच्या डबीवर आपला फोटो येणार. तिच्या वस्तीत तर सगळ्यांना माहीत होतं. शाळेत जाणाऱ्या तिच्या मुलीनं मास्तरांना सांगितलं होतं. मी सगळ्याचा सौदा केला होता, त्या फोटोचा केला नव्हता. चेहऱ्याचाही सौदा करून घ्यावा लागतो, हे मला ठाऊक नव्हतं.

आमचा पहिला माल अकोल्याला गेला, त्यावर तिथे चित्र लागलं, आणि त्यातल्या काही डब्या आम्हाला पाहायला आल्या. पिवळ्या. मी पहिली हातात घेतली आणि चित्र जवळून पाहिलं. चितारणाऱ्यानं फोटोवरून चित्र काढलं होतं. पोर तेच. लांब केलेले पाय तेच. पांढरं लुगडं हिरवं झालं होतं, जरीकाठाचं. मागे तुळशीवृंदावन आलं होतं. आणि चेहरा दुसरा होता. गोरा, नाकात नथ, कपाळाला चंद्रकोर. खाली छापलं होतं, 'सोवळ्यात तयार केलेले'.

अनसूबाईला वाचता येत नव्हतं. मला वाटलं, वाचू नये. पण तिनं वाचायला सांगितलं म्हणून वाचलं. तिनं डबी गुडघ्यावर ठेवली आणि तिच्या शेजारी आपला डावा हात ठेवला. पाच ठिपके, विंचू, वाकडी रेघ. चित्रातही पाच ठिपके, विंचू, वाकडी रेघ.

"हात तं माहे हायेत," ती म्हणाली.

मी चित्रावर वाकून पाहिलं.

"मंग हे मुंडकं कोनाचं हाय वं, द्वारका?"

मी दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेले. गाडीत मूर्तिजापूरला माहेरची ओळखीची माणसं चढली, त्यांच्याशी बोलले नाही. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. मी डबी काउंटरवर आपटली.

मनोहररावांनी आवाज चढवला नाही. "आत या ना, द्वारकाबाई. चहा सांगतो."

"इथंच बोला. तिचं तोंड कुठं गेलं?"

"अहो, हे लेकराच्या अंगाला लागतं, ओठाला लागतं. लोक विचारतात, कोणी बनवलं. मी काय सांगू?"

"अनसूबाईनं बनवलं सांगा."

"आणि मग डबी विकली जाईल?"

"राजापेठेत विकली जाते."

"राजापेठेत ती तुमच्या हातून विकली जाते," ते म्हणाले. आणि मग, जणू माझी समजूत घालत, "हात तर तिचेच ठेवले आहेत की. पेंटर म्हणाला, असे हात मनानं काढता येत नाहीत."

मी वळले आणि दुकानातल्या सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं. हे तूप अमरावतीच्या अनसूबाईनं धुतलेलं आहे, ती बौद्ध आहे, हे तिचे हात आहेत, ही नथवाली बाई जगात कुठे नाही. माझा आवाज रस्त्यावर गेला असेल. काउंटरपाशी एक बाई उभी होती, चांगल्या घरातली, कडेवर मूल. तिच्या हातात एक डबी होती. तिनं ती हळूच काउंटरवर ठेवली आणि पदराला बोटं पुसली. मनोहररावांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

ही बोटं पुसण्याची गोष्ट मी अनसूबाईला कधी सांगितली नाही. तिला एवढंच सांगितलं की मी माल बंद करून आले.

मनोहररावांचं काही अडलं नाही. परात काय, तांब्याची कुठेही मिळते. त्यांनी अकोल्याबाहेर, पूर्णा नदीकडच्या खारपाणपट्ट्यातल्या आपल्या मळ्यात नात्यातल्या बायका बसवल्या, सोवळं नेसवून. विहीर मळ्यातलीच. त्या पट्ट्यातलं पाणी कसं असतं, ते मी वर लिहिलं आहे. खाऱ्या पाण्यानं शंभर वेळा घोटलेलं तूप! ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते त्यांनी तुपात घोटून घोटून भरलं. दिसायला पांढरंशुभ्र. लेकराच्या उतलेल्या मांडीला लावलं की आग. त्यांनी मला विचारलं असतं तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं, मी त्याच पाण्यात वाढलेली. पण त्यांना पाणी सोवळ्याचं आहे ना, एवढंच पाहायचं होतं.

उन्हाळ्यात ती पिवळी डबी अमरावतीच्या दुकानांतही आली. आणि मग बायका यायला लागल्या. अकोल्याला नाही. माझ्या ओट्यावर, अनसूबाईकडे.

पहिली आली ती एका वकिलाची बायको. तिची दोन्ही मुलं अनसूबाईच्या पायांवर मोठी झालेली. तिसरं कडेवर रडत होतं, पाठ लालभडक.

"अनसूबाई, काय केलंत हो हे? तुमच्या डबीनं अंग सोललं त्याचं."

"माही डबी नाई ते. वर तोंड कोनाचं हाय पाहा. तिले जाऊन इचारा."

"तोंडाचं काय सांगता? हा विंचू मी ओळखत नाही का? माझ्या दोन लेकरांच्या पाठीवरून फिरलेला हात आहे हा."

अनसूबाईनं डावा हात पदराखाली घेतला. मी बोलले, पुष्कळ बोलले. पाण्याचं सांगितलं, मळ्याचं सांगितलं. वकिलीणबाईंनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि पुन्हा बोलावणं पाठवलं नाही. गुण आला असता तर नथवालीचा होता. आग झाली तेव्हा सगळ्या अमरावतीला ते हात ओळखू आले.

एकेक घर बंद झालं. जे निम्मे खरे होते, तेही गेले. मी तिला म्हटलं, ओट्यावर बस, आपण दोघी पुन्हा आपलंच विकू. ती दोन-तीन दिवस बसली. रस्त्यानं जाणाऱ्या बाया तिच्या परातीकडे पाहून एकमेकींच्या कानाला लागत. चौथ्या दिवशी तिनं परात घासून, उलटी करून भिंतीला लावली.

"आता काय करशीन?" मी विचारलं.

"जिनात जातो."

"तिथं हाताचं काय होते, मालूम हाय ना तुले? त्या बाया तुपासाठी आपल्याकडंच येत होत्या."

"मालूम हाय. म्हनूनच जातो. मंग कोनी वळखनार नाई."

ती जिनिंगमध्ये गेली. कापूस, सरकी, धूळ. दोन हंगामांत तिचे हात असे झाले की लुगड्याला लागले तर धागा ओढला जाई. पुढे माझ्या मुलीच्या मुलीच्या बारशाला आली तेव्हा मी पोर तिच्या पुढे केलं. तिनं हात मागे घेतले. "टोचन तिले," म्हणाली. दुरूनच पाहून गेली. आता ती नाही. तिची मुलगी शिकून शिक्षिका झाली. तिच्या घरी आईचा एकही फोटो नाही. अंगणातला तो एकच काढला होता, आणि तो अकोल्याला गेला.

मनोहररावही गेले. त्या वेळच्या ओरड्यानंतर त्यांनी तुपाचा नाद सोडला. आता डबीत मेण आणि सुगंध असतो, कोणाचं अंग सोलत नाही, चांगली खपते. चित्र मात्र तेच आहे.

मागे एका लग्नाला अकोल्याला गेले होते, तेव्हा दुकानात जाऊन आले. गादीवर मुलगा होता, विलासराव. केस पिकायला लागलेले, बापासारखंच गोड बोलणं. मला ओळखलं नाही. मी डबी मागितली, चित्र पाहत उभी राहिले. त्यांना वाटलं, म्हातारीला आवडलं.

"हे बाळ म्हणजे मी बरं का, आजी," ते कौतुकानं म्हणाले.

"आणि ही बाई?"

"ही आमची आजी."

"तुमच्या आजीच्या हातावर विंचू गोंदलेला होता?"

ते हसले. "जुन्या बायका. असेल."

विलासराव, हा अंक अकोल्यातही येतो. तुमच्या दोन्ही आज्या मी पाहिल्या आहेत, अकोल्याच्या तुमच्या बारशाला आल्या होत्या तेव्हा, दोघींना तूप विकलं आहे, दोघींशी भावावरून भांडले आहे. एकीच्याही मनगटावर विंचू नव्हता. सव्वा महिन्याचे होईपर्यंत तुम्हाला रोज पायांवर घालून ज्या बाईनं तुमचं अंग धरून आणलं, तिचं नाव अनसूबाई. तुमच्या वडिलांना मी विचारलं, त्यांनी मला चहा विचारला. आता तुम्हाला विचारते, आणि तुम्ही मला उत्तर देऊ नका. त्याच काउंटरवर उभे राहा, दुकानात गिऱ्हाइकं असताना, आणि त्यांना सांगा, तुमच्या पाठीवर हे हात कोणाचे आहेत.